उंदरांच्या लेंड्यांत हेलिकोबॅक्टर हिपॅटिकस सापडला, आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आयएल-१० (दाह आवरणारं प्रथिन) बनवणारं जनुक काढून टाकलेल्या, म्हणजे आयएल-१० नॉकआऊट, उंदरांवर काम करणाऱ्या एका पीएचडी विद्यार्थ्याच्या कॉलनीत काही उंदरांचं वजन उतरतंय, लेंड्या मऊ पडतायत, दोन-तीन उंदरांचा गुदाशय बाहेर आलाय. लेंड्यांची पीसीआर तपासणी (जंतूचा डीएनए शोधणारी) केली तर हेलिकोबॅक्टर हिपॅटिकस हा जिवाणू पॉझिटिव्ह. त्याच खोलीतले सी५७बीएल/६ जातीचे साधे, म्हणजे जनुक शाबूत असलेले, उंदीर मात्र ठणठणीत, म्हणून मार्गदर्शकांचं म्हणणं, "हा जिवाणू सगळ्याच प्राणीगृहांत असतो, लक्ष देऊ नका." विद्यार्थ्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: अँटिबायोटिक कोणतं द्यायचं, कॉलनी मोडावी लागेल का, आणि आजवर जमवलेली निरीक्षणं वाया गेली का.

मी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची पशुवैद्य आहे. हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि जवळजवळ नेहमी याच क्रमाने येतो, म्हणजे आधी औषध, शेवटी निरीक्षणं. माझ्या मते क्रम उलटा हवा. उंदीर आजारी आहेत हा तुमच्या अडचणीचा दिसणारा भाग झाला. खरी अडचण अशी की तुमच्या प्रयोगात एक न मोजलेला घटक शिरलाय आणि तो दोन्ही गटांशी सारखा वागत नाही. नॉकआऊट उंदरांना तो आजारी पाडतो, साध्यांना नाही. सगळ्यांना सारखाच त्रास देणारा जंतू असता तर निदान तुलना तरी शाबूत राहिली असती. इथे जंतूचा परिणाम आणि जनुकाचा परिणाम एकमेकांत मिसळलेत. तेव्हा "कसा मारू" याच्या आधी "माझ्या प्रयोगाचा प्रश्न काय आहे आणि त्यात या जिवाणूला जागा आहे का" हे ठरवावं लागेल.

हा जिवाणू मुळात सापडला तोच अशा घोळातून. १९९२ साली अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथे, राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या केंद्रात, रसायनांमुळे कर्करोग होतो का हे तपासणारा एक दीर्घकालीन प्रयोग चालू होता. त्यात ए/जेसीआर जातीच्या उंदरांच्या कंट्रोल गटात, म्हणजे ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात, यकृताचा जुनाट दाह आणि यकृताच्या गाठी दिसू लागल्या. चांदीच्या रंजनाने यकृताचे काप रंगवल्यावर पित्ताच्या बारीक नलिकांमध्ये सर्पिल आकाराचे जिवाणू दिसले. जेरोल्ड वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, आणि त्याच वर्षी जेम्स फॉक्स यांच्या गटाने नवी प्रजाती म्हणून त्याला नाव दिलं. पुढे अमेरिकेच्याच नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमला आपले दोन-दोन वर्षं चाललेले १२ अभ्यास पुन्हा उघडून पाहावे लागले, कारण त्यातले बी६सी३एफ१ या संकरित जातीचे उंदीर याच जिवाणूने बाधित निघाले. १९९८ मध्ये त्याचा आढावा आला. हिपॅटायटिस, म्हणजे यकृताचा दाह, झालेल्या नरांमध्ये यकृताच्या गाठींचं प्रमाण वाढलं होतं, त्यामुळे अशा अभ्यासांत नरांच्या यकृताबद्दलचे निष्कर्ष जपून घ्यावेत असा त्याचा रोख होता. रसायन निर्दोष असेल किंवा नसेल, पण उत्तर गढूळ झालं होतं. "लक्ष देऊ नका" म्हणणाऱ्या कोणालाही मी आधी हा इतिहास सांगते.

आता जिवाणूविषयी, पण तुमच्या निर्णयाला लागेल तेवढंच. पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी सगळ्यांना ठाऊक असतो, त्याच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपला हिपॅटिकस त्याच कुळातला, पण जठरात न राहता आतड्यात राहणारा. सीकम, म्हणजे आंधळं आतडं, आणि मोठं आतडं यांच्या श्लेष्मात आणि अस्तराच्या खाचांमध्ये त्याचा मुक्काम. तिथून काही जातींच्या उंदरांत तो यकृतात पोचतो. दोन्ही टोकांना आवरण असलेली एकेक कशाभिका (पोहण्याची शेपटी), त्यामुळे चिकट श्लेष्मातही सहज पोहतो. ऑक्सिजन अगदी कमी लागतो, म्हणून नेहमीच्या पद्धतीने प्लेटवर वाढवायला गेलात तर सापडणार नाही. २००३ मध्ये त्याचा जीनोम वाचला गेला, सुमारे १८ लाख बेस-जोड्यांचा. पायलोरीची दोन गाजलेली हत्यारं, व्हॅक-ए विष आणि कॅग जनुकबेट (एकत्र असलेला जनुकांचा संच), त्यात नाहीत. त्याऐवजी पेशींच्या डीएनएत तोड करून त्यांचं विभाजन अडवणारं सीडीटी नावाचं विष आहे, आणि स्वतःचं एक वेगळं जनुकबेट आहे. ते बेट सगळ्या नमुन्यांत पूर्ण नसतं. म्हणजे "हिपॅटिकस पॉझिटिव्ह" या दोन शब्दांमागे कमी-अधिक तापट असे वेगवेगळे जिवाणू असू शकतात.

यकृताचा आजार आणि आतड्याचा आजार यांचे बळी मात्र बहुधा वेगळे असतात, आणि इथेच बरेच लोक गोंधळतात. यकृत बिघडतं ते धडधाकट प्रतिकारशक्ती असलेल्या काही जातींत: ए/जेसीआर, बाल्ब/सी, सी३एच वगैरे. त्यातही नरांत जास्त आणि वय वाढेल तसं जास्त. पिल्लांत बघायला गेलात तर काही दिसणार नाही, वर्ष-दीड वर्षाच्या ए/जेसीआर नरांत गाठींपर्यंत मजल जाते. सी५७बीएल/६ या हिपॅटायटिसला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. आतड्याचा दाह, म्हणजे टिफ्लोकोलायटिस, हा प्रामुख्याने प्रतिकारशक्तीत काहीतरी कमी असलेल्या उंदरांचा आजार: एससीआयडी आणि रॅग-२ नसलेले (दोन्हींत टी आणि बी पेशी बनत नाहीत), टी-पेशींच्या ग्राहकात बदल केलेले, आणि तुमचे आयएल-१० नसलेले. १२९ जातीच्या पार्श्वभूमीच्या रॅग-२ नॉकआऊटमध्ये तर हा दाह मोठ्या आतड्याच्या कर्करोगापर्यंत जातो.

आयएल-१० नसलेल्यांतच एवढा भडका का उडतो, हे समजून घेतलंत तर तुमच्या मार्गदर्शकांच्या मुद्द्याला उत्तर मिळेल. साध्या उंदरात हा जिवाणू शांतपणे राहतो, पण ती शांतता आपोआप आलेली नसते. जिवाणूच्या पृष्ठभागावरची एक बहुशर्करा उंदराच्या मॅक्रोफेजना (जंतू गिळणाऱ्या पेशींना) आयएल-१० बनवायला लावते. शिवाय आतड्यात या जिवाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींपैकी बऱ्याचशा नियामक, म्हणजे दाह आवरणाऱ्या, प्रकाराच्या बनतात, आणि सी-माफ नावाचा घटक त्यांना तसं वळण देतो. त्या नियामक पेशींच्या हातातलं एक मुख्य साधन पुन्हा आयएल-१०च. ते काढून घ्या, की त्याच जिवाणूला ओळखणाऱ्या पेशी दाहक होतात, आयएल-१२ आणि आयएल-२३च्या जोरावर इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-१७ या दाह पेटवणाऱ्या प्रथिनांचा मारा सुरू होतो. एकूण काय, तर साधे उंदीर ठणठणीत असणं हा जिवाणू निरुपद्रवी असल्याचा पुरावा ठरत नाही. तसंच घडायला हवं होतं, आणि तसंच घडलंय. उलट सी५७बीएल/६च्या सीकममध्ये हा जिवाणू ए/जेसीआरपेक्षा जास्त संख्येने राहतो असं तुलनेत दिसलंय. तुमचे धट्टेकट्टे दिसणारे उंदीर हेच बहुधा खोलीतले मोठे प्रसारक आहेत.

मार्गदर्शकांचा "सगळीकडे असतो" हा भाग मात्र खोटा नाही. २००७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ३४ संस्थांच्या उंदरांची पाहणी प्रसिद्ध झाली. ८८ टक्के संस्थांत कुठला ना कुठला आतड्यातला हेलिकोबॅक्टर होता आणि त्यात हिपॅटिकस सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक होता. त्यानंतर अनेक प्राणीगृहं स्वच्छ झाली. पण सगळीकडे असतो म्हणून मोजायचा नाही, हा तर्क मला कधीच पटलेला नाही. सगळीकडे असतो म्हणूनच मोजायचा.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. तुमच्या नॉकआऊट उंदरांची पार्श्वभूमी, म्हणजे मूळ जात, तुम्ही लिहिलेली नाही. सी५७बीएल/६ पार्श्वभूमीवर आयएल-१० नसलं तरी आजार बऱ्याचदा सौम्य आणि उशिरा येतो. १२९, बाल्ब/सी किंवा सी३एच पार्श्वभूमीवर तोच दोष लवकर आणि जोरात दिसतो. नर किती, माद्या किती, वय काय, हेही हवं. आणि सोबत दुसरे कोणते जंतू आहेत, हे फार महत्त्वाचं. जंतुमुक्त वाढवलेल्या आयएल-१० नॉकआऊट उंदरांत फक्त हिपॅटिकस सोडला तर फारसं काही होत नाही, साथीला इतर जिवाणू लागतात. एका प्रयोगशाळेत हिपॅटिकस दिल्यावर कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह) भडकला आणि दुसरीत तसल्याच उंदरांत तो वाढला नाही, असे परस्परविरोधी अहवालही आहेत. मला त्यात विरोधाभास वाटत नाही. दोन्हीकडच्या उंदरांची आतडी आधीपासून वेगळ्या जंतूंनी भरलेली होती, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून पहिलं काम निदान पक्कं करण्याचं. तुमच्या अहवालात नेमकं काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. बऱ्याच तपासणी केंद्रांत आधी हेलिकोबॅक्टर या प्रजातिसमूहासाठी पीसीआर होतो आणि मग वेगवेगळ्या प्रजातींसाठी. फक्त समूहाचा निकाल पॉझिटिव्ह असेल तर तो बिलिस, टिफ्लोनियस, रोडेंटियम, गनमनी यांपैकी कोणीही असू शकतो. बिलिस आणि टिफ्लोनियस हेही नॉकआऊट उंदरांना त्रास देतात, आणि बाधित कॉलनीत दोन-तीन प्रजाती एकत्र सापडणं नेहमीचं आहे.

नमुना घेण्यातही लोक एक गोष्ट हमखास करतात: सर्वांत आजारी उंदराची एक लेंडी पाठवतात. ती पाठवाच, पण सोबत निरोगी दिसणाऱ्या साध्या उंदरांच्या, वेगवेगळ्या पिंजऱ्यांतल्या, आणि दूध तुटून काही आठवडे झालेल्या उंदरांच्या ताज्या लेंड्याही पाठवा. नुकत्या दूध तुटलेल्या पिल्लांत जिवाणूची संख्या अजून चढायची असते, तिथला निगेटिव्ह निकाल मी धरत नाही. लेंडीत पीसीआर अडवणारे पदार्थ असतात, तेव्हा त्यासाठीचा अंतर्गत कंट्रोल केंद्राने चालवला होता का, हे विचारा. रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी असते, पण प्रजाती वेगळ्या ओळखण्यात ती कच्ची पडते. प्रतिकारशक्तीतच दोष असलेल्या उंदरांत तर तिच्यावर मी अजिबात विसंबत नाही.

त्याचबरोबर दोन-चार उंदरांचं नीट शवविच्छेदन करून घ्या, आजारीही आणि बरेही. सीकम आणि संपूर्ण मोठं आतडं गुंडाळून काप घ्या, यकृताच्या एकापेक्षा जास्त खंडांतून तुकडे घ्या. यकृतातला दाह ठिपक्याठिपक्यांनी असतो, एकाच तुकड्यात तो निसटतो. हेमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंजनात दाह दिसेल, जिवाणू बघायचा तर वॉर्थिन-स्टारी किंवा स्टायनर या चांदीच्या रंजनाची मागणी वेगळी करावी लागते. पॅथॉलॉजिस्टला सांगितलं नाहीत तर तो ते आपणहून करेलच असं नाही.

आणि सगळा दोष हिपॅटिकसच्या माथी मारण्याआधी बाकीचे संशयित तपासा. गुदाशय बाहेर येणं सिट्रोबॅक्टर रोडेंशियम या जिवाणूमुळे होतं, पिनवर्म या कृमीमुळेही होतं. यकृतात ठिपके दिसले तर माऊस हिपॅटायटिस विषाणू आणि टायझर रोगाचा क्लॉस्ट्रिडियम पिलिफॉर्मे यांचा विचार हवा. हे सगळं एकाच तपासणीच्या यादीत बसतं, वेगळी धावपळ लागत नाही.

इथवर आलो तर आता औषधाकडे वळू, कारण तुम्हाला तेच सर्वांत आधी हवं होतं. औषधाने हा जिवाणू जाऊ शकतो. १९९५ च्या सुमाराला अमोक्सिसिलिन किंवा टेट्रासायक्लिन, त्याच्या जोडीला मेट्रोनिडॅझोल आणि बिस्मथ, असं तिहेरी औषध नळीने थेट पोटात दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे देऊन तो घालवता येतो हे दाखवलं गेलं. नंतर तीच औषधं खाऊच्या वड्यांतून दिली गेली, पुढे औषध मिसळलेला तयार आहारही आला. तेव्हा "औषध नाही" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

तरीही बहुतेक वेळा मी नको म्हणते. पहिलं कारण, तुम्ही आतड्याचा दाह अभ्यासताय आणि तो आतड्यातल्या एकूण जंतूंवर अवलंबून आहे. हे औषध फक्त हिपॅटिकसला शोधून मारत नाही, ते त्या सगळ्या वस्तीवर नांगर फिरवतं. नंतर तुमचे उंदीर बरे दिसले तर ते हिपॅटिकस गेल्यामुळे की इतर शंभर जंतू गेल्यामुळे, हे कसं सांगणार? दुसरं, उंदीर स्वतःच्या आणि एकमेकांच्या लेंड्या खातात. खोलीत एक जरी बाधित पिंजरा उरला, एक जरी झाकण किंवा चिमटा तसाच फिरला, की सगळं मूळपदावर. बाकी खोली बाधित ठेवून चार पिंजऱ्यांना औषध देणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणं. तिसरं, पाण्यातून मेट्रोनिडॅझोल दिलं तर त्याच्या कडवटपणामुळे उंदीर पाणीच कमी पितात. ठरलेली मात्रा तर पोटात जात नाहीच, आधीच वजन उतरलेले उंदीर आणखी सुकतात. चौथं, औषध चालू असताना आणि बंद केल्याबरोबर जिवाणूची संख्या इतकी खाली असते की पीसीआर निगेटिव्ह येतो आणि लोक पेढे वाटायला निघतात. औषध थांबवून निदान महिनाभर गेल्यावर, आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा निगेटिव्ह आलं तरच मी विश्वास ठेवते.

मग औषध कधी? जनुकीय वाण दुर्मीळ असेल, गोठवलेले भ्रूण किंवा शुक्राणू नसतील, हाताशी उरलेल्या जोड्या आजारामुळे वितच नसतील, अशा वेळी जोड्या जगवून एक-दोन वेत मिळवण्यापुरतं. तेसुद्धा वेगळ्या खोलीत, तुमच्या संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीने, आणि त्या उंदरांची कुठलीही निरीक्षणं प्रयोगात न धरता.

कॉलनी खरोखर स्वच्छ करायची तर मार्ग भ्रूण-प्रत्यारोपणाचा. बाधित उंदरांचे भ्रूण काढून, ठरलेल्या पद्धतीने पुन्हा पुन्हा धुऊन, स्वच्छ मादीच्या गर्भाशयात ठेवायचे. शुक्राणू वापरून आयव्हीएफ केलं तरी पुढचं तेच. सिझेरियनने पिल्लं काढून स्वच्छ मादीला देण्याची जुनी पद्धतही चालते, पण एससीआयडी उंदरांत हिपॅटिकस गर्भाशयातूनच पिल्लांत गेल्याचा अहवाल आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या वाणासाठी म्हणूनच मी भ्रूण-प्रत्यारोपणालाच पहिली पसंती देते.

ती सोय नसेल तर एक साधा आणि थोडा धाडसी उपाय आहे: पिल्लं जन्मल्यावर २४ तासांच्या आत स्वच्छ दाई-मादीकडे सरकवायची. हा जिवाणू लेंडीतून तोंडावाटे जातो आणि पहिल्या दिवशी पिल्लाच्या पोटात दुधाशिवाय काही गेलेलं नसतं, या एका गोष्टीवर सगळी भिस्त. त्यामुळे बाळंतिणीचा पिंजरा पहाटे आणि संध्याकाळी दोन्ही वेळा बघायला हवा. दुसऱ्या दिवशी सापडलेलं वेत मी घेत नाही. शक्य तर वितायच्या आदल्या दिवसांत मादीचा पिंजरा रोज बदलावा. बाधित मादीला हात लावलेले हातमोजे काढून नवे घालावेत, आणि एकाने पिल्लं उचलावी, दुसऱ्याने दाईच्या पिंजऱ्यात ठेवावी. दाईची स्वतःची पिल्लं वेगळ्या रंगाची असतील तर पुढे ओळखायला सोपं जातं. सगळी वेतं स्वच्छ निघत नाहीत. प्रत्येक वेत वेगळं ठेवून दूध तुटल्यावर आणि त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा, पिल्लं आणि दाई दोघांच्याही लेंड्या तपासायच्या, आणि एक पॉझिटिव्ह निघालं की ते अख्खं वेत बाद.

आतापर्यंतचा हिशेब मांडला तर तो असा: प्रजाती पक्की करा, इतर रोगकारक वगळा, औषध राखीव ठेवा, स्वच्छता हवी असेल तर भ्रूण किंवा दाई. पण स्वच्छ करायचं की नाही, हा निर्णय अजून बाकी आहे, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तोच.

कारण स्वच्छ केलेली पिल्लं दाईच्या आतड्यातले जंतू घेऊन वाढतात. फक्त हिपॅटिकस वजा झाला, बाकी सगळं तेच, असं होत नाही. जंतूंचा सगळा संचच बदलतो. आणि मग अनेकदा असं होतं की नॉकआऊट उंदरांचा कोलायटिस गायबच होतो. विद्यार्थी घाबरून विचारतात, "माझं फिनोटाइप कुठे गेलं?" फिनोटाइप, म्हणजे उंदरात दिसणारं लक्षण, हरवलेलं नसतं. ते फक्त जनुकाचं कधी नव्हतंच, जनुक आणि जंतू यांचं मिळून होतं. आयएल-१० नॉकआऊट उंदरांचं पहिलं वर्णन १९९३ मध्ये झालं, तेव्हाच दिसलं होतं की साध्या प्राणीगृहातल्या उंदरांत आजार मोठा असतो आणि विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेल्यांत तो खूपच मर्यादित राहतो.

तेव्हा स्वतःला विचारा. तुम्हाला आयएल-१०चं काम आतड्याबाहेर, समजा फुफ्फुसात किंवा त्वचेत, पाहायचं असेल तर हा जिवाणू घालवा, वादच नको. आतड्यात पेटलेला दाह सगळ्या शरीराची प्रतिकारयंत्रणा हलवतो. यकृत, चयापचय, गाठी, दीर्घायुष्य यांपैकी काही अभ्यासत असाल तरी घालवा. पण कोलायटिस हाच तुमचा विषय असेल तर तिसरा रस्ता आहे आणि मला तो आवडतो: कॉलनी स्वच्छ करा आणि मग हिपॅटिकस स्वतःच्या हाताने, ठरलेल्या मात्रेत, ठरलेल्या दिवशी द्या. जिवाणूचा प्रमाण वाण, एटीसीसी या जंतुसंग्रहातला क्रमांक ५१४४९, जीनोम माहीत असलेला, शुद्ध वाढवलेला. साध्या सी५७बीएल/६ उंदरांना हा जिवाणू नळीने देऊन, सोबत आयएल-१० ग्राहकाला अडवणारी प्रतिपिंडं देऊन कोलायटिस निर्माण करण्याचं प्रारूप आज सर्रास वापरलं जातं. त्यात कंट्रोल गट खरोखर कंट्रोल असतो, आणि आजार कोणत्या दिवशी सुरू झाला हे तुम्हाला माहीत असतं. आज तुमच्या खोलीत हाच प्रयोग चाललाय, फक्त मात्रा, तारीख आणि वाण यांची नोंद नाही.

आता जमवलेल्या निरीक्षणांकडे. सरसकट फेकू नका, सरसकट वापरूही नका. नॉकआऊट आणि साधे उंदीर एकाच आईची पिल्लं असतील, एकाच पिंजऱ्यात वाढली असतील, तर दोन्ही गट बाधित होते असं धरायला जागा आहे. ती तुलना टिकते, फक्त तिचा अर्थ आक्रसतो. "आयएल-१० नसल्याने कोलायटिस होतो" ऐवजी "हिपॅटिकस असलेल्या उंदरांत आयएल-१० नसल्याने कोलायटिस होतो" असं लिहावं लागेल. ते कमी दर्जाचं विधान नाही, जास्त खरं आहे. साधे उंदीर बाहेरून विकत आणलेले आणि नॉकआऊट घरच्या पैदाशीचे असतील तर मात्र ती तुलना मी मागे ठेवेन. दोन गटांत जनुकाखेरीज आतडीही वेगळी होती.

जुने नमुने फ्रीजरमध्ये किंवा मेणाच्या ठोकळ्यांत ठेवले असतील तर ते सोनं आहे. गोठवलेल्या सीकममधून आणि मेणातल्या कापांतूनही डीएनए काढून पीसीआर करता येतो, म्हणजे बाधा कोणत्या तुकडीपासून आली हे मागे जाऊन ठरवता येतं. मला हे काम कंटाळवाणं वाटत नाही, उलट खूपदा यातूनच कळतं की "त्या वर्षीच्या प्रयोगांतच निकाल वेगळे का आले होते". शोधनिबंधात पद्धतींच्या भागात उंदरांची हेलिकोबॅक्टर-स्थिती स्पष्ट लिहा. समीक्षकाने विचारल्यावर लिहिण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं दिसतं.

खोलीच्या स्वच्छतेबद्दल थोडक्यात. हा जिवाणू बीजाणू बनवत नाही, कोरड्यात फार टिकत नाही, ऑटोक्लेव्हमध्ये मरतो. तेव्हा भिंती घासत बसण्यापेक्षा वापरलेलं बेडिंग, पिंजऱ्यांची झाकणं, चिमटे आणि हातमोजे यांकडे लक्ष द्या. आधी स्वच्छ खोली, शेवटी बाधित खोली, हा कामाचा क्रम मोडू नका. नवे उंदीर आले की विलगीकरण आणि प्रजातीनिहाय पीसीआर. इतर पिंजऱ्यांतलं मळकं बेडिंग देऊन ठेवलेले पहारेकरी उंदीर हिपॅटिकस बऱ्यापैकी पकडतात. हवा खेळती ठेवणाऱ्या रॅकमध्ये बाहेर जाणाऱ्या हवेच्या गाळणीवरची धूळ तपासण्याची पद्धत अनेक ठिकाणी त्यांच्या जोडीला किंवा त्यांच्याऐवजी येतेय. फेलासा या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीच्या युरोपीय महासंघाच्या २०१४ च्या शिफारशींतही हेलिकोबॅक्टर नियमित तपासणीच्या यादीत आहे.

न विचारलेली पण मनात असणारी शंका: तुम्हाला स्वतःला काही होईल का? या जिवाणूमुळे माणसांना आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. हातमोजे घालायचेच आहेत, पण या भीतीने झोप उडवू नका.

या आठवड्यात एवढं करा. बाधित खोलीतून उंदरांची ने-आण आणि इतर गटांना उंदीर देणं थांबवा. गुदाशय बाहेर आलेल्या उंदरांना संस्थेच्या पशुवैद्याला आजच दाखवा. त्यांचा प्रयोग पूर्ण व्हायचाय म्हणून त्यांना तसंच ठेवणं योग्य नाही, आणि शवविच्छेदनासाठी नमुने त्यांच्याकडूनच मिळतील. वाण गोठवलेला नसेल तर शुक्राणू गोठवून घ्या, बाकी काहीही ठरलं तरी ते लागणारच. मग प्रजातीचं नाव असलेला अहवाल, उंदरांची पार्श्वभूमी, वय, लिंग आणि तुमच्या प्रयोगाचा प्रश्न एका वाक्यात, एवढं मला कळवा. भ्रूण-प्रत्यारोपण परवडेल की दाई-मादीवर भागेल, ते त्यावरून सांगता येईल.